हत्यार किती हवा खातंय?

एप्रिलमधल्या एका दुपारी मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका जुन्या शेडच्या दारात उभी होते. पत्र्याखाली उकाडा साचला होता, कोपऱ्यातल्या लेथवर बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कापले जात असल्यामुळे त्याची काळी, बारीक भुकटी हवेत तरंगत होती आणि तिचा तो जिभेवर येणारा लोखंडी वास बाहेरच्या रस्त्यापर्यंत पोहोचत होता. कॉम्प्रेसरची हेड, म्हणजे हवा दाबणारे पिस्टन-सिलिंडरचे भाग, दुरुस्त करण्यात हयात घालवलेले मेस्त्री खाली पोत्यावर बसून एका व्हॉल्व्ह प्लेटवरची काजळी पितळी ब्रशने काढत होते. मी त्यांना माझे म्हणणे सांगितले: घराच्या गॅरेजमध्ये छोटे वर्कशॉप आहे, त्यासाठी मोठा कॉम्प्रेसर घ्यायचा आहे, पाचशे लिटरची टाकी बरी की तीनशेची, एवढेच विचारायला आले आहे. त्यांनी ब्रश बाजूला ठेवला, कॉटन वेस्टने बोटे एकेक करून पुसली आणि म्हणाले, "टाकी ऱ्हाऊ दे बाई. तुमचं हत्यार किती हवा खातंय, तेवढं सांगा."

मला सांगता आले नाही.

मी सत्तावीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले. १६६२ साली बॉइलने मांडलेला नियम, तापमान स्थिर असता दाब आणि आकारमान यांचा गुणाकार स्थिर राहतो हे वाक्य, मी किती फळ्यांवर लिहिले असेल याची गणती नाही. त्या नियमावरची गणिते सोडवून किती तरी मुले अभियांत्रिकीला गेली. आणि ज्या यंत्रात तो नियम दिवसभर राबतो, ते यंत्र स्वतःसाठी निवडण्याची वेळ आल्यावर मी टाकीच्या आकाराकडे बघून भुलले होते. मेस्त्रींनी विचारले ते कोणत्याही अर्थाने अवघड नव्हते. खर्च किती, हे कळल्याशिवाय शिल्लक किती हवी ते कसे ठरवणार, इतका तो साधा हिशेब होता. घरी येताना रिक्षात आणि रात्री जेवताना तेच वाक्य मनात फिरत राहिले.

माझ्या हत्यारांची गोष्ट एका इंजिनपाशी सुरू होते. पन्हाळ्याच्या वाटेवर माझ्या मामांचे गुऱ्हाळ होते. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की आम्हा भाचरांचा मुक्काम तिथेच असे. चुलवाणात चिपाडाचा जाळ, काहिलीत उसळणारा पिवळा रस, त्यावरची मळी झाऱ्याने काढणारा गुळव्या, आणि या सगळ्यामागे घाणा फिरवणारे मंदगती ऑईल इंजिन. त्याची दोन फ्लायव्हील माझ्या खांद्याइतकी उंच होती. मामा सिलिंडरमधला दाब मोकळा करणारी डीकॉम्प्रेशनची दांडी उचलून हँडल फिरवत, चाकांना गती आली की दांडी खाली पाडत आणि मग पहिला ठोका बसे. दुसरा, तिसरा, आणि पुढे पहाटेपर्यंत तो एकसुरी टुक टुक आवाज, ज्याच्या तालावर आम्ही चिपाडाच्या उबेत झोपत असू. विजेची मोटर आल्यावर ते इंजिन बाजूला पडले. तीन वर्षांपूर्वी मामेभावाने जागा मोकळी करायला काढली तेव्हा पाचटाच्या ढिगाखाली ते सापडले. भंगारवाल्याने वजनावर भाव केला होता. मी त्याच भावाने ते नागाळा पार्कातल्या आमच्या गॅरेजमध्ये आणले आणि निवृत्तीनंतरची दुपार त्याच्यासाठी ठेवली.

इंजिन पुन्हा उभे करायचे म्हणजे हवा लागतेच. तेलाच्या वाटा फुंकून मोकळ्या करायला, एअर ग्राइंडरने कडा साफ करायला, शेवटी स्प्रे गनने रंग द्यायला. त्याशिवाय सँड ब्लास्टिंगचा एक मोह होता. फ्लायव्हीलवर उठावाची अक्षरे आहेत आणि त्यांच्या खाचांत पन्नास वर्षांचा गंज बसला आहे. तो स्वतःच्या हाताने, दाबाने सोडलेल्या कणांच्या झोताखाली उडवावा आणि अक्षरामागून अक्षर उघडे होताना पाहावे, असे माझ्या फार मनात होते. दोन वर्षे मी एका लहान, पन्नास लिटरच्या कॉम्प्रेसरवर भागवले. रंगाचा एक हात अर्धा होईपर्यंत दाब उतरे, फवारा दाणेदार होई आणि वाळलेल्या रंगावर संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत जागा उरे. म्हणून मोठे यंत्र हवे होते, आणि मोठे म्हणजे मोठी टाकी हे मी गृहीत धरून चालले होते.

दुकानांतही तेच गृहीत धरले जाते. लक्ष्मीपुरीत आणि उद्यमनगरात मी चार ठिकाणी फिरले. निळ्या, केशरी टाक्या आडव्या मांडलेल्या असतात आणि दुकानदार टाकीवर थाप मारून बोलायला सुरुवात करतात. पाटीवर अश्वशक्ती ठळक, लिटर त्याहून ठळक, आणि हवेचा आकडा असलाच तर तो पिस्टनच्या विस्थापनाचा. सिलिंडरचे आकारमान गुणिले फेरे एवढाच त्याचा अर्थ. प्रत्यक्षात टाकीत पोहोचणारी मोकळी हवा, जिला या धंद्यात एफएडी म्हणतात, ती पिस्टन यंत्रात त्याच्या साधारण साठ ते पंचाहत्तर टक्के भरते. उरलेली जागा गरम होऊन फुगलेली हवा, व्हॉल्व्हमधली गळती आणि सिलिंडरच्या माथ्याशी राहणारी फट यांत जाते. मी दुकानात एफएडी विचारला की दोन ठिकाणी पाटीवरचाच आकडा पुन्हा वाचून दाखवला गेला. एका ठिकाणी मात्र तरुण मालकाने कंपनीचा छापील तक्ता काढून दिला आणि "एवढं कुणी विचारत नाही, मॅडम," असे कौतुकाने म्हटले. तो तक्ता मी अजून जपून ठेवला आहे.

त्या रात्री वहीचे कोरे पान घेतले. स्प्रे गन मिनिटाला सुमारे १० घनफूट, ग्राइंडर ट्रिगर दाबून धरला तर जवळपास तेवढेच, फुंकणी क्षणभराची म्हणून सोडून दिली. ब्लास्टिंगला ३ मिलिमीटरच्या जरा वर असलेले सर्वांत लहान नोझल ७ किलो दाबाला (चौरस सेंटिमीटरवर ७ किलो) २० घनफुटांच्या आसपास खाते. नोझलचा व्यास दुप्पट केला तर हवा चौपट, म्हणजे ऐंशी, कारण छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. आता माझ्या डोळ्यांसमोर एक जुने यंत्र होते: बंद पडलेल्या एका वर्कशॉपमधली पाचशे लिटरची टाकी, वर ३ अश्वशक्तीचे हेड, घरच्या सिंगल फेजवर चालणारे. भाचा म्हणत होता, "आत्या, घ्यायचीच तर एवढी घे, पुन्हा बघायला नको." त्या हेडची खरी हवा मिनिटाला १० घनफूट, म्हणजे २८३ लिटर. टाकी १० किलोवरून ६ किलोवर उतरेपर्यंत आपल्या आकारमानाच्या चार पट हवा देते, म्हणजे २००० लिटर. ब्लास्टिंगचा खर्च मिनिटाला ५६६ लिटर, आवक २८३, तूट २८३. दोन हजाराला तुटीने भागले की सात मिनिटे. मग हात थांबवायचा आणि ६ वरून पुन्हा १० किलो होईपर्यंत आणखी सात मिनिटे वाट बघायची. त्या चौदाही मिनिटांत हेडला क्षणाचीही विश्रांती नाही, आणि पिस्टन हेडला तासातला तिसरा हिस्सा तरी थंड व्हायला मिळाला पाहिजे. आमच्याकडे विहीर बघताना कड्याचा घेर कुणी विचारत नाही, झरा केवढा आहे ते विचारतात. उसाला पाणी देणाऱ्या घरात वाढलेल्या मला हे वहीचे पान भरल्यावर आठवले.

तरीही मी ते जुने यंत्र बघायला गेले. मोह असा आकड्यांनी लगेच जात नाही. टाकी भव्य होती, जुन्या जाड पत्र्याची, आणि तिच्या पोटावर हात ठेवल्यावर गार, भरीव वाटत होती. मेस्त्री बरोबर आले होते. त्यांनी काही न बोलता खालचा ड्रेन कॉक, म्हणजे साचलेले पाणी काढायची तोटी, उघडली. आधी काहीच आले नाही, मग एक बुडबुडा, मग बिनदुधाच्या चहाच्या रंगाचे पाणी, आणि त्याच्यामागून गंजाचा रबरबीत गाळ. त्यांनी चिमटीत तो चोळून मला दाखवला. पापुद्रे होते. त्यांनी लहान हातोडीने टाकीच्या वरच्या अंगाला टिचकी मारली, आवाज स्वच्छ आला. तळाशी मारली, आवाज बसका. मालक म्हणत होता की हायड्रो टेस्ट करून देतो. ती परीक्षा मला ठाऊक होती: टाकी पाण्याने गच्च भरून कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे पत्रा फाटलाच तर पाणी पिचकारीसारखे बाहेर येते आणि दाब तत्काळ उतरतो. तीच टाकी हवेने भरलेली असताना फाटली तर साठलेली सगळी ऊर्जा एका क्षणात मोकळी होते आणि पत्र्याचे तुकडे भिंतीपार जातात. मेस्त्री परतताना एवढेच म्हणाले, "तळ खाल्लाय तिचा. घरात माणसं ऱ्हात्यात बाई."

मग खरा शोध सुरू झाला, आणि तो मला मनापासून आवडला. एकाच टप्प्यात हवा ७ किलोपर्यंत दाबली तर सैद्धांतिक हिशेबाने तीस अंशांची हवा पावणेतीनशे अंशांपर्यंत तापते. तेल जळते, व्हॉल्व्हवर काजळी धरते. मेस्त्री त्या दुपारी जी काजळी खरवडत होते ती हीच. दोन टप्प्यांच्या हेडमध्ये मोठा सिलिंडर हवा थोडी दाबतो, पंखांच्या नळीतून जाताना ती निवते आणि मग लहान सिलिंडर उरलेले काम करतो. तोच दाब, पण प्रत्येक टप्प्याला तापमान सुमारे १३५ अंश. पट्ट्यावर चालणारे मोठ्या पुलीचे हेड मिनिटाला आठशे-नऊशे फेरे घेते, तर मोटरला थेट जोडलेले लहान यंत्र २८०० च्या पुढे किंचाळते. दोन्ही शेजारी शेजारी चालू असताना ऐकली तेव्हा कानाने निवड आधीच केली होती. मंद फिरणाऱ्या यंत्राच्या आवाजात दोन ठोक्यांमध्ये जागा असते. मामांच्या इंजिनाने लावलेली ती सवय असेल.

ब्लास्टिंगचे काय, हा प्रश्न उरला होता, आणि त्याचे उत्तर देताना मला सर्वांत जड गेले. सलग वीस घनफूट हवे असतील तर दहा अश्वशक्तीच्या घरात जावे लागते. त्याचे वजन, त्याची वीज आणि त्याचा आवाज आमच्या गल्लीला पेलणारा नव्हता. शिवाय साध्या वाळूने ब्लास्टिंग केले की सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन बसते, आणि तिने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. गार्नेट किंवा पोलादी कण वापरावे लागतात, बंद खोली आणि बाहेरून शुद्ध हवा देणारे शिरस्त्राण लागते. माझा एक जुना विद्यार्थी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत मशीन शॉप चालवतो. तो म्हणाला, "मॅडम, मी स्वतः ब्लास्टिंग करत नाही. ओतकाम एकाकडे, ब्लास्टिंग दुसऱ्याकडे, मी फक्त मशीनिंग. कोल्हापूर असंच चालतं." हे मी लहानपणापासून बघत आले होते. एका शेडमधून निघालेला कच्चा ढाळा टेम्पोतून चार शेडांत फिरतो आणि पाचव्या शेडमधून पंप होऊन बाहेर पडतो. तरी फ्लायव्हील टेम्पोत चढवून शिरोलीला पाठवले त्या सकाळी मला चुटपुट लागून राहिली. संध्याकाळी ती राखाडी, मखमली अंगाने परत आली. अक्षरे उघडी झाली होती, ती उघडी होताना मी तिथे नव्हते. बोटाने एकेक अक्षर चाचपून पाहिले, आणि ओलसर हवेने पुन्हा गंज धरू नये म्हणून त्याच रात्री प्रायमर मारला.

ब्लास्टिंग वगळल्यावर वहीचे पान एकदम सुटसुटीत झाले. मिनिटाला १० घनफूट खर्च. ५ अश्वशक्तीच्या दोन टप्प्यांच्या हेडची तक्त्यावरची खरी हवा १७. म्हणजे सलग रंगकाम केले तरी यंत्र तासातली पस्तीस मिनिटे चालणार आणि पंचवीस मिनिटे थांबणार. मी कागदावर फक्त तो आकडा लिहून मेस्त्रींकडे नेला. त्यांनी कागद लांब धरून वाचला आणि लगेच म्हणाले, "मग अडीचशेची टाकी बास की." ज्या गोष्टीवर मी दोन महिने झुरले होते ती त्यांच्या लेखी शेवटी, जाता जाता सांगायची बाब होती.

बसवताना गावाने आपल्या अटी घातल्या. पाच अश्वशक्तीसाठी तीन फेजची जोडणी घ्यावी लागली, तो महिनाभराचा खेपांचा विषय होता आणि तो इथे नको. त्याहून मोठी अट पंचगंगेची. २०१९ च्या महापुरात आमच्या गॅरेजमध्ये कमरेएवढे पाणी होते, २०२१ मध्ये पुन्हा आले. दोनशे किलोंहून जड असलेले, हादरे देणारे यंत्र माळ्यावर चढवता येत नाही. म्हणून एक फूट उंच काँक्रीटचा ओटा, त्यावर रबराचे पॅड, आणि वरच्या तुळईला चेन ब्लॉकसाठी कायमचा हुक केला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आली की पट्टा उतरवायचा, मोटर सोडवून वर टांगायची आणि ४३ च्या धोका पातळीची वाट बघायची नाही, असे घरात ठरले आहे. पाइपिंगसाठी प्लंबरने पीव्हीसी सुचवले, ते मी ऐकले नाही, कारण हवेच्या दाबाखाली ते तडकले की काचेसारखे फुटते. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप टाकला, टाकीपासून लांब जाताना किंचित उतार दिला, आणि प्रत्येक फाटा मुख्य पाइपाच्या वरच्या अंगाने काढून बैलाच्या शिंगासारखा वळवून खाली आणला. पाण्याच्या लाइनला सवयीने खालून तोटी काढणाऱ्या त्या प्लंबरला हे पटेना. मी त्याला जुलैची वाट बघ म्हणाले.

जुलै आला. कोल्हापूरच्या पावसात कपडे आठवडाभर वाळत नाहीत, ती सगळी ओल यंत्र आत ओढते. पंचवीस अंशांना घनमीटरभर हवा जेमतेम २३ ग्रॅम बाष्प धरून ठेवू शकते. आठ घनमीटर दाबून एक केले तरी धरण्याची ताकद त्या एकाचीच उरते, बाकीचे पाणी होऊन पडते, आणि फाटा वरून काढला असेल तर ते हत्यारात उतरत नाही. तासभर ग्राइंडर चालवल्यावर मी ड्रेन कॉकखाली स्टीलचे पातेले धरले. फुसकारा, धुके, आणि मग दुधाळ, तेलाचा वास असलेले पाणी. मोजून तीनशे मिलिलिटर भरले. ते मी प्लंबरला मुद्दाम बोलावून दाखवले. त्याने पातेले हलवून पाहिले, पाइपाच्या वळवलेल्या शिंगाकडे पाहिले आणि मान डोलावली.

त्याच आठवड्यात एका रात्री पावणेतीनला कॉम्प्रेसर आपोआप सुरू झाला. मी मेन स्विच बंद करायला विसरले होते. अंथरुणातून उठून, छत्री घेऊन गॅरेजपर्यंत पोहोचले तोवर शेजारच्या दोन घरांतले दिवे लागले होते. स्विच पाडला आणि त्या अचानक पडलेल्या शांततेत फक्त पागोळ्यांचा आवाज उरला. सकाळी क्षमा मागायला आधी शेजारच्या आक्कांकडे गेले. त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत, त्यांची झोप आधीच कमी. दुपारी दोन ते चार त्यांच्यासाठी मी यंत्र लावत नाही, हा आमच्यात पहिल्या दिवसापासूनचा करार आहे. त्या पलंगावर बसून माळ ओढत होत्या. म्हणाल्या, "अगं, झोपेत मला वाटलं आमच्या गावचं गुऱ्हाळ लागलं. जरा बरं वाटलं, आन् तू बंदच केलंस." मला काही बोलता आले नाही. त्यांचा हात थोडा वेळ धरून बसले.

परत आल्यावर यंत्र १० किलोला भरून बंद केले आणि गेजकडे बघत बसले. प्रेशर स्विच ८ किलोला मोटर लावतो. रात्री नऊला भरलेली टाकी पावणेतीनला आठवर आली, म्हणजे पावणेसहा तासांत दोन पट अडीचशे, पाचशे लिटर हवा गेली होती. मिनिटाला दीड लिटर. सगळी हत्यारे तर खुंट्यांवर टांगलेली होती. मेस्त्रींचे वाक्य मी मोठ्याने, रिकाम्या गॅरेजमध्ये स्वतःशीच म्हटले, आणि वाटीत भांड्याच्या साबणाचा दाट फेस करून, रंगाच्या जुन्या ब्रशने एकेक जोड माखत निघाले. टाकीचा व्हॉल्व्ह कोरडा. पहिला फाटा कोरडा. दुसऱ्या फाट्याच्या क्विक कपलरवर, म्हणजे हत्याराची नळी झटकन जोडायच्या पितळी जोडावर, फेस लावला आणि ब्रश उचलला, तेव्हा पितळेच्या कडेवर मोहरीएवढा एक फुगा आला. तो हळूहळू वाटाण्याएवढा झाला, त्यात गॅरेजच्या दाराची उजेडाची चौकट उलटी दिसली, फुटला, आणि त्याच जागी पुन्हा नवा फुगा धरायला लागला.